राखण

आज धडा नरकाचा होता.
सकाळचे साडेनऊ, वर पत्रा तापलेला,
एका पंख्याखाली अकरा पोरं,
आणि पुस्तिकेत चित्र : लाल शाईच्या जिभा,
छपाईत जरा सरकलेल्या,
त्यामुळे पापी माणसं आगीच्या थोडी बाजूलाच उभी.

माझा बाप, सीलास भांबळ,
अक्कलकोट रोडच्या प्रोसेस हाऊसमध्ये
एकतीस वर्षं बॉयलरवर.
चादरींच्या सुताला रंग चढायचा
तो त्याच्या वाफेवर.
भुवया त्याच्या कधी नीट उगवल्याच नाहीत.
गळ्यात ओला टॉवेल, घरी येईस्तोवर वाळलेला.
कडक भाकरी पाण्यात बुडवायचा, म्हणायचा,
हिचीही आज डबल ड्युटी झालेली दिसते.

आग आपोआप जळत नाही, हे त्यानं मला शिकवलं.
तिला भरवावं लागतं, ढोसावं लागतं,
राखेत झाकून रात्रभर राखावं लागतं.
रविवारी विझवली
तर सोमवारी वाफ धरायला दुपार होते.
म्हणून रविवारीही कुणीतरी लागतं.
ते कुणीतरी तो होता.
मंडळीच्या वहीत त्याच्या नावापुढं
गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
आणि मग एक आडवी रेघ.

व्हॉल्व्ह फुटला त्या साली मी नववीत.
मालकानं तो तारेनं आवळून ठेवायला लावला होता,
ऑर्डर होती, प्रेशर हवं होतं.
मल्लेशम बोद्दूलची कातडी सदऱ्याबरोबर निघाली.
सिव्हिलमध्ये तीन दिवस तो तेलुगूत पाणी मागत राहिला,
नीळ्ळू, नीळ्ळू,
आणि नर्स म्हणायची, देऊ नका.
वीस हजार दिले. अंगठा घेतला.

त्या रात्री बाप जेवला नाही.
म्हणाला, नरक असलाच पाहिजे.
आईनं ताट झाकलं.
मग पहाटे मोरीत चूळ भरता भरता,
मधे रात्र गेलीच नाही अशा आवाजात :
असू दे. पण तिथं माझी पाळी नको.
कायमचं जाळायचं
म्हणजे कायमचं कुणीतरी तोंडाशी उभं राहणार.
फावडं कुणाच्या हातात देणार?
देव स्वतः उभा राहिला
तर त्याच्याही भुवया जातील.

तो गेला तेव्हा पाळकसाहेब आले,
एवढं केलं त्यांनी, नाही म्हणत नाही.
विधी पूर्ण वाचला.
फक्त ‘खात्रीच्या आशेनं’ हे दोन शब्द
त्यांनी गिळले.
मला ते पाठ होते, म्हणून कळलं.
मातीच्या तीन मुठी टाकल्या मी,
आणि चौथी
त्या दोन शब्दांच्या जागी.

तर धडा.
मी वाचून दाखवलं, सरळ, जसं छापलंय तसं.
एलिशिबा, सात वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली,
हात वर करून म्हणाली,
टीचर, तिथं रविवार असतो का?
बाकीची हसली.
मी म्हटलं, पाणी पिऊन या सगळे.

परत येताना होटगी रोडला
मालकाची पाणपोई लागते.
दर उन्हाळ्यात घालतो, वडिलांच्या नावानं,
रांजणांना ओलं फडकं,
आणि एक म्हातारी, जी कुणालाच कोण म्हणून विचारत नाही.
पंधरा वर्षं मी त्या बाजूनं चालत नाही.
आज चालले. ऊन फार होतं,
की मला बघायचं होतं, ठाऊक नाही.

तिनं तांब्या वर धरला. मी ओंजळ केली.

मल्लेशमची आठवण आली नाही असं नाही.
मालकासाठी मी रोज मागते ते मागणंही
ओठांवर होतं, अर्धं.
पाणी आलं आणि ते वाहून गेलं,
कोपरापर्यंत, पदरापर्यंत.

गार होतं.
मला आवडलं नाही,
पण गार होतं.